पुढे अजून जमीन आहे

अमेरिकेच्या जनगणना खात्याचा एक साधा हिशेब होता. चौरस मैलामागे दोनपेक्षा कमी माणसं असतील, तर तो मुलूख वस्तीबाहेरचा. या हिशेबाने वस्तीची कड आखली की नकाशावर एक वेडीवाकडी रेघ उमटायची, आणि दर दहा वर्षांनी ती पश्चिमेकडे सरकलेली दिसायची. १८९० च्या जनगणनेनंतर खात्याने जाहीर केलं, की आता अशी सलग रेघ काढता येत नाही. मधल्या मुलखात जागोजाग वस्त्या उठल्या आहेत. आपापल्या जमातीच्या मुलखात राहणारे मूळ रहिवासी मात्र त्या ‘दोन माणसां’त मोजलेलेच नव्हते. हजारो वर्षं ते तिथे नांदत होते, पण खात्याच्या लेखी तो मुलूख रिकामाच होता.

ही सरकती कड म्हणजे फ्रंटियर. ती संपली, या कोरड्या सरकारी ओळीवर फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या विस्कॉन्सिनच्या ३१ वर्षांच्या प्राध्यापकाने एक निबंध लिहिला आणि १२ जुलै १८९३ रोजी शिकागोत वाचला. कोलंबसच्या सफरीला ४०० वर्षं झाल्याबद्दल तिथे जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि त्याला जोडून इतिहासकारांची परिषदही होती. (दोन महिन्यांनी विवेकानंद बोलले ती सर्वधर्म परिषदही याच प्रदर्शनाच्या निमित्ताने आणि याच इमारतीत भरली.) टर्नरचं म्हणणं असं : अमेरिकन माणूस युरोपातून आणलेल्या विचारांनी घडलेला नाही, तो या कडेवर घडला. दर पिढीला कुणीतरी घरदार सोडून पुढे गेलं आणि शून्यातून सुरुवात केली. त्यातून स्वावलंबन आलं, उतावीळपणा आला, कामचलाऊ युक्त्या काढायची सवय लागली, वरून हुकूम सोडणाऱ्याबद्दल चीड आली. आता ती कडच संपली, म्हणजे अमेरिकेच्या इतिहासाचा पहिला अंक संपला.

त्या संध्याकाळी निबंधाला फारशी दाद मिळाली नाही. पुढच्या दोन-तीन दशकांत मात्र अमेरिकेने स्वतःकडे पाहायचं ठरवलं की टर्नरचा आरसा हाती घ्यायचा, असा रिवाजच पडला. अमेरिकन माणसाला नेहमी ‘अजून’ का हवं असतं, याचंही उत्तर त्याच आरशात शोधलं गेलं : पुढे सतत मोकळी जमीन होती, म्हणून स्वभाव तसा झाला.

मला यात स्वभावाचा भाग कमी आणि कायद्याचा जास्त वाटतो. हव्यास काही अमेरिकेची मक्तेदारी नाही. ऐपतीपलीकडच्या हव्यासाला सरकारने नकाशा, दस्त आणि रेल्वे पुरवावी, हे मात्र तिथे ज्या प्रमाणावर झालं तसं क्वचितच कुठे झालं असेल. आपल्याकडे बाप गेला की भावांमध्ये जमिनीची वाटणी होते, तुकडे पडतात, बांध कोरले जातात आणि खटले नातवंडांपर्यंत पुरतात. अमेरिकेने वाटणीचा प्रश्न आला की धाकट्याला सांगितलं, पुढे अजून जमीन आहे, तू तिकडे जा. शंभर-सव्वाशे वर्षं हे उत्तर चाललं. ते कसं चालवलं गेलं, हे बघण्यासारखं आहे.

इंग्रजांनी १७६३ मध्ये फर्मान काढून ॲपलेशियन डोंगरांच्या पलीकडे वसाहतवाल्यांना जायला बंदी केली होती. पलीकडच्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेल्यांना ते झोंबलं. त्यांत व्हर्जिनियाचे एक मोजणीदार आणि जमीनदार होते, जॉर्ज वॉशिंग्टन. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नव्या देशाच्या डोक्यावर युद्धाचं कर्ज होतं आणि मध्यवर्ती सरकारला कर बसवायचा अधिकार नव्हता. विकण्याजोगी एकच चीज होती, ती म्हणजे डोंगरापलीकडची जमीन. १७८५ चा जमीन कायदा या गरजेतून जन्मला.

ओहायो नदीकाठी, आजच्या ईस्ट लिव्हरपूल गावाजवळ, मोजणीची पहिली खूण ठोकली गेली. तिथून ६६ फुटी साखळीने मुलूख आखत जायचं : सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक चौकोन, त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर. सोळावा भाग शाळेच्या खर्चासाठी राखीव. ही साखळी आपल्याला अगदीच परकी नाही. महाराष्ट्रातला गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, त्याच साखळीच्या निम्म्याचा वर्ग. आणि ४० गुंठ्यांचा एकर. इंग्रज मोजणीदारांनी एकच माप दोन खंडांत नेलं. फरक असा, की आपल्याकडे ती साखळी कसत आलेल्या शेतावर, वहिवाटीच्या बांधावरून फिरली. तिथे ती शेतकरी यायच्या आधी फिरली. ओढा असो, टेकडी असो, दलदल असो, रेघ सरळच गेली. शिकागोच्या पश्चिमेला विमानाच्या खिडकीतून खाली पाहिलं, तर आजही आलेखाच्या कागदासारखे चौकोन दिसतात.

या चौकोनांमुळे जमीन न पाहता विकत घेता येऊ लागली. कचेरीत जा, क्रमांक सांगा, पैसे भरा. पहिला दर एकरी एक डॉलर होता, पण किमान ६४० एकर घ्यावी लागे. म्हणजे खरेदीदार सावकार नाहीतर सट्टेबाज. पुढे ती अट उतरत गेली : १८०० मध्ये ३२० एकर, १८२० मध्ये ८० एकर आणि एकरी सव्वा डॉलर. दरम्यान १८०३ मध्ये नेपोलियनला पैशांची निकड असताना जेफरसनने लुईझियानाचा अफाट मुलूख दीड कोटी डॉलरला घेतला. सुमारे सव्वाआठ लाख चौरस मैल, एकरी जेमतेम तीन सेंट. फ्रान्सने काय विकलं आणि अमेरिकेने काय विकत घेतलं, हे तिथे राहणाऱ्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं.

नव्या जमिनीने सगळेच तंटे मिटवले असं नाही. सर्वांत मोठा तंटा तर तिच्याच पोटी जन्मला : नव्या मुलखात गुलामगिरी चालणार की नाही? १८२० मध्ये यावर तडजोड झाली, १८५४ मध्ये ती मोडली, कॅन्ससमध्ये रक्तपात झाला आणि शेवटी यादवी युद्ध पेटलं. फुकट जमीन देणारा कायदा दक्षिणेच्या विरोधामुळे अडला होता. १८६० मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनननी त्यावर नकाराधिकार वापरला. दक्षिणेचे खासदार संसद सोडून गेल्यावरच तो मंजूर झाला. २० मे १८६२ रोजी लिंकननी त्यावर सही केली.

हा होमस्टेड कायदा. १६० एकर जमीन, एकूण १८ डॉलर फी, अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. अर्जदार २१ वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख हवा, आणि सरकारविरुद्ध त्याने शस्त्र उचललेलं नसावं. अविवाहित स्त्रिया आणि विधवाही अर्ज करू शकत, आणि अनेकींनी केला. नागरिकत्व घ्यायचा इरादा जाहीर केलेला परदेशीही चाले. नॉर्वे, स्वीडन, जर्मनीतून माणसं आली ती यासाठी. जिथे कायदा तिथे पळवाट असतेच : घर १२ बाय १४ आहे असं सांगायचं, पण फूट की इंच ते बोलायचं नाही. काही सट्टेबाजांनी म्हणे १२ इंच बाय १४ इंचाची खेळण्यातली घरं उभी करून साक्षीदारांकडून शपथेवर वदवून घेतलं की घर आहे. अनेकांना पाच वर्षं तग धरता आली नाही. तरीही शेवटी सुमारे १६ लाख लोकांच्या नावावर २७ कोटी एकर जमीन झाली, म्हणजे आजच्या अमेरिकेचा सुमारे दहावा हिस्सा. सरकारने वाटलेली इतकी मोठी मालमत्ता त्या देशात दुसरी क्वचितच सापडेल. गंमत अशी, की ज्यांच्या पणजोबांना ती मिळाली त्यांच्या घरात सहसा ‘आम्ही सरकारचं काही घेतलं नाही’ असंच सांगितलं जातं.

आणि ही जमीन आली कुठून? चेरोकींची हकिकत पुरेशी बोलकी आहे. जॉर्जिया भागात ते शेती करत होते, त्यांची लिपी होती, वृत्तपत्र होतं, लिखित राज्यघटना होती. १८२९ मध्ये तिथे सोनं सापडलं, १८३० मध्ये त्यांना हलवायचा कायदा झाला आणि १८३८-३९ मध्ये सुमारे १६ हजार चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात मिसिसिपीपलीकडे नेण्यात आलं. वाटेत आणि छावण्यांत सुमारे चार हजार मेले. नवा मुलूख कायमचा तुमचा, असा करार होता. १८८७ मध्ये डॉस कायदा आला : अनेक जमातींच्या सामाईक जमिनी मोडून प्रत्येक कुटुंबप्रमुखाला १६० एकर द्यायचे, आणि वाटून उरेल ती ‘शिल्लक’ म्हणून गोऱ्यांसाठी खुली करायची. शिल्लक! १८८७ मध्ये मूळ रहिवाशांकडे सुमारे १३.८ कोटी एकर होते. १९३४ मध्ये हा कायदा थांबवला तेव्हा ४.८ कोटी उरले होते.

चेरोकींकडेही पश्चिमेला गुरं चारायचा एक लांबलचक पट्टा होता. सरकारने दबाव आणून तो विकायला लावला आणि १६ सप्टेंबर १८९३ रोजी दुपारी बारा वाजता वसाहतीला खुला केला. शिकागोत धर्मांची परिषद चालू होती त्याच आठवड्यात, ओक्लाहोमाच्या सीमेवर एक लाखाहून अधिक माणसं घोडे, गाड्या, सायकली घेऊन रांगेत उभी होती. बंदुकीचा बार झाला आणि सगळे सुटले. जो आधी पोचून खुंटी ठोकेल त्याचा चौकोन. तुकडे सुमारे ४२ हजार, म्हणजे निम्म्याहून जास्त लोक हात हलवत परतणार हे आधीच ठरलेलं. चार वर्षांपूर्वी, एप्रिल १८८९ मध्ये, अशीच एक शर्यत झाली होती. त्यात जे वेळेआधीच चोरून आत घुसून दबा धरून बसले, त्यांना ‘सूनर’ म्हणू लागले. तेव्हा ती शिवी होती. आज ओक्लाहोमाला प्रेमाने सूनर स्टेट म्हणतात, आणि तिथल्या विद्यापीठाचे फुटबॉल खेळाडू तेच नाव मिरवतात. टर्नरच्या निबंधात हे सारं शोधून सापडायचं नाही. तिथे मूळ रहिवासी आहेत ते बहुतेक पार्श्वभूमीला. त्याच १८८९ साली पंडिता रमाबाईंचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झालं. अमेरिकेच्या उद्योगी वृत्तीने रमाबाई भारावल्या होत्या, पण मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय त्यांच्या नजरेतून सुटला नाही.

शर्यतीनंतर महिन्याभराने, ऑक्टोबर १८९३ मध्ये, लॉस एंजेलिसला पाटबंधारे परिषद भरली. तिथे बोलायला उभा राहिला जॉन वेस्ली पॉवेल, सरकारी भूगर्भ सर्वेक्षणाचा प्रमुख. यादवी युद्धात एक हात गमावलेला हा माणूस १८६९ मध्ये होड्यांतून ग्रँड कॅन्यन पार करून आला होता. पश्चिमेचा कोरडा मुलूख त्याच्याइतका पाहिलेला तज्ज्ञ दुसरा नव्हता. १८७८ च्या अहवालातच त्याने सांगितलं होतं, की साधारण शंभराव्या रेखांशापलीकडे वर्षाला २० इंचही पाऊस पडत नाही; तिथे १६० एकरांचा चौकोन निरर्थक आहे. ओलिताचं शेत ८० एकरांचं पुरे, चराऊ रान मात्र २,५६० एकर हवं, आणि हद्दी साखळीने नव्हे तर पाण्याच्या वाटेने ठरवाव्यात, शेजाऱ्यांनी मिळून पाण्याची व्यवस्था करावी. त्या काळातला एक लोकप्रिय समज याच्या नेमका उलट होता : नांगर जिथे जातो तिथे पाऊस मागून येतो. रेल्वे कंपन्यांना जमिनी विकायच्या होत्या, त्यांनी तो आनंदाने पसरवला. १८७०-८० च्या दशकांत काही वर्षं पाऊस खरंच बरा झाला, तेव्हा लोकांना पुरावाही मिळाला. मग दुष्काळ आला.

लॉस एंजेलिसमध्ये पॉवेलने सांगितलं, की एवढी जमीन भिजवायला पाणी नाही; तुम्ही भांडणं आणि खटले पेरता आहात. सभेने त्याची हुर्यो उडवली. पुढच्याच वर्षी त्याने पद सोडलं.

टर्नरचा पहिला अंक संपला, पण जमिनीचं वाटप संपलं नाही. होमस्टेडखाली १८९० नंतर जितकी जमीन गेली तितकी आधी गेली नव्हती. १९०९ मध्ये कोरड्या भागासाठी मर्यादा ३२० एकर केली. पॉवेलच्या सूचनेतला ‘जास्त एकर’ एवढाच भाग घेतला आणि पाण्याचा भाग सोडून दिला. पहिल्या महायुद्धात गव्हाला बुशेलमागे दोन डॉलरवर हमीभाव मिळाला, ट्रॅक्टर आले आणि दक्षिणेच्या पठारावरचं गवताळ रान उभं-आडवं नांगरलं गेलं. युद्धानंतर भाव पडले. उत्पन्न टिकवायला प्रत्येकाने आणखी जमीन फोडली, त्यामुळे गहू वाढला आणि भाव आणखी पडला. १९३० नंतर पाऊस दडला. मुळांनी धरून ठेवलेलं काही उरलंच नव्हतं, माती उडाली. मे १९३४ मधलं वादळ न्यूयॉर्क-वॉशिंग्टनपर्यंत धूळ घेऊन गेलं. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी भर दुपारी अंधार झाला. दोन आठवड्यांच्या आत, २७ एप्रिलला, मृदसंधारणाचा कायदा मंजूर झाला.

रूझवेल्टनी १९३२ च्या प्रचारातच म्हटलं होतं, की आता मोकळी जमीन नाही, तेव्हा आहे ते नीट वाटून घेणं हेच सरकारचं काम. अमेरिकेने हे ऐकलं, काही वर्षं अमलातही आणलं. पण दुसरं महायुद्ध संपताच जुनं उत्तर नव्या रूपात परतलं. १९४५ मध्ये सरकारचे वैज्ञानिक सल्लागार व्हॅनेव्हर बुश यांनी विज्ञानाला न संपणारी सरहद्द, म्हणजे फ्रंटियर, म्हटलं. १९४७ पासून न्यूयॉर्कबाहेर लेव्हिटटाउन उभं राहिलं, ७५० चौरस फुटांची एकसारखी घरं, सरकारी हमीचं कर्ज, आणि काळ्यांना मज्जाव. ती १६० एकरांची शहरी आवृत्ती होती. घर मिळालं, आता घरात भरायला वस्तू. सप्टेंबर १९५८ मध्ये एका बँकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात सुमारे ६० हजार क्रेडिट कार्डं न मागता टपालाने पाठवून दिली. जमीन संपल्यावर माणूस स्वतःच्याच पुढच्या वर्षांच्या कमाईत खुंटी ठोकू लागला. १५ जुलै १९६० ला केनेडींनी लॉस एंजेलिसमध्येच ‘न्यू फ्रंटियर’ची हाक दिली, आणि नऊ वर्षांनी माणूस चंद्रावर उतरला.

बरोबर १९ वर्षांनी, १५ जुलै १९७९ ला, पेट्रोलच्या रांगा लागलेल्या असताना जिमी कार्टर टीव्हीवरून म्हणाले की आपण वस्तूंच्या मागे लागलो आहोत आणि त्याने मन भरत नाही. हे भाषण लोकांना आवडलं नव्हतं, असं आज सर्रास सांगतात. ते खरं नाही, लगेचच्या पाहणीत त्यांची लोकप्रियता वाढली होती. घसरण आली ती त्यांनी त्याच आठवड्यात मंत्रिमंडळ मोडल्यावर. पण १९८० मध्ये समोर रोनाल्ड रेगन होते, आणि त्यांनी मर्यादा हा शब्दच मानायला नकार दिला. निवडणूक कुणी जिंकली ते सांगायला नको.

टर्नरची बाजू पुरती बाद होत नाही, हेही नोंदवायला हवं. २०२० मध्ये सॅम्युएल बाझी, मार्टिन फिझबाइन आणि मेसाय गेब्रेसिलासे या अर्थशास्त्रज्ञांनी जनगणनेच्या जुन्या आकड्यांवरून प्रत्येक परगणा किती वर्षं सरहद्दीवर होता ते काढलं. जो जास्त काळ होता, तिथे आजही श्रीमंतांवरच्या करांना आणि सरकारी नियंत्रणाला विरोध जास्त. व्यक्तिवाद मोजायला त्यांनी मुलांची नावं वापरली : सरहद्दीवर वेगळी, अनवट नावं ठेवायची चाल अधिक होती. तेव्हा स्वभाव घडतो हे खरं. पण जमीन सरकारने द्यायची, रस्ता सैन्याने मोकळा करायचा, रेल्वेला सरकारी जमिनींची खिरापत द्यायची, आणि मग त्यावर वाढलेल्या माणसाला सरकार नकोसं व्हायचं, हे मला टर्नरपेक्षा जास्त विचार करण्याजोगं वाटतं.

पाण्याचं काय झालं ते राहिलं. नोव्हेंबर १९२२ मध्ये कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातल्या सात राज्यांनी करार केला : वरच्यांना वर्षाला ७५ लाख एकर-फूट (एका एकरावर फूटभर उभं राहील तेवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट), खालच्यांना ७५ लाख. पुढे १९४४ मध्ये मेक्सिकोला १५ लाख. हिशेब ज्या वर्षांच्या मोजमापावर केला ती नेमकी भरपूर पावसाची होती; नदीत एवढं पाणी सहसा नसतंच. कागदावरचं जास्तीचं पाणी धरून फीनिक्स, लास व्हेगास, लॉस एंजेलिस वाढली. आज सुमारे चार कोटी लोक त्या नदीवर आहेत आणि ती बहुतेक वर्षी समुद्राला पोचत नाही. तिच्यावरच्या एका प्रचंड जलाशयाला लेक पॉवेल असं नाव दिलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारला पहिल्यांदाच अधिकृतपणे टंचाई जाहीर करावी लागली. २००७ मध्ये टंचाईसाठी ठरवलेले नियम २०२६ पर्यंतचेच होते, आणि नवे ठरवताना कुणी किती सोडायचं यावर सात राज्यं हटून बसली.

पश्चिमेत पाण्याचा हक्क ठरतो तो खाणकामगारांनी पाडलेल्या पायंड्यावर : जो आधी आला त्याचा हक्क आधी. या न्यायाने पहिला क्रमांक मूळ रहिवाशांचा लागतो. राखीव मुलखासोबत पाण्याचा हक्कही येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्येच मान्य केलं आहे. खोऱ्यातल्या ३० जमातींपैकी एकीलाही १९२२ च्या बैठकीला बोलावलं नव्हतं. त्यांतल्या नवाहो राष्ट्रात आजही मोठ्या संख्येने घरांना नळ नाही, लोक टाक्या भरून पाणी आणतात. आमच्या वाट्याचं पाणी किती ते मोजा आणि मिळवून द्यायची तजवीज करा, एवढीच मागणी घेऊन ते केंद्र सरकारविरुद्ध न्यायालयात गेले. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की करारानुसार सरकारवर तशी जबाबदारी येत नाही.